बसऱ्याला गेलेला शिपाई आणि अ. पा. क. आई

आमच्या घरात पणजोबांबद्दल एकच वाक्य बोललं जायचं. "ते बसऱ्याला गेले." गेले म्हणजे तिकडेच गेले, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. कुठल्या पलटणीत होते, कुठे पडले, कधी पडले, यातलं काही कुणी सांगत नसे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात हे वाक्य पुष्कळ घरांत आहे. पहिल्या महायुद्धात सर्वांत जास्त हिंदी सैनिक गेले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. बोटी बसऱ्याला लागायच्या, म्हणून मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी तो सगळा मुलूख बसराच झाला. गावाचं आणि घराचं नाव इथे घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने ही गोष्ट त्या भागातल्या कितीतरी घरांची आहे. पणजोबांची नोंद शोधायला मी निघाले तेव्हा काय काय करावं लागलं आणि त्यातून काय हाती आलं, ते मात्र सविस्तर लिहिते. अशा घरांतल्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

सुरुवातीला माझ्याकडे एक ताटली होती. आमच्या देवघरात टाकांच्या शेजारी काशाच्या रंगाची एक जड, गोल चकती उभी करून ठेवलेली असायची. साधारण बारा सेंटिमीटर व्यासाची. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई, पायाशी सिंह. घरी तिला राणीची ताटली म्हणत. नवरात्रात टाकांना हळदकुंकू वाहिलं की बोटाला उरलेलं थोडं तिलाही लागायचं. पुढे कळलं की ही ताटली ब्रिटिश सरकारने युद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी पाठवली होती. अशा तेरा लाखांहून जास्त ताटल्या ओतल्या गेल्या. ती बाई म्हणजे ब्रिटानिया. कडेने इंग्रजीत लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. ज्याचा देशच स्वतंत्र नव्हता त्या शिपायाच्या घरी ही अक्षरं आली आणि ती वाचता येणारं त्या घरात कुणी नव्हतं. सिंहाच्या वरच्या बाजूला एका चौकटीत मेलेल्या माणसाचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं. हुद्दा नसतो, पलटण नसते, नुसतं नाव. सगळे सारखे, हा त्यामागचा विचार होता म्हणतात.

आमच्या ताटलीवरचं ते नाव मात्र वाचता येत नाही. पणजीने आणि तिच्यामागे आजीने ती दर सणाला चिंचेने घासली. पन्नाससाठ वर्षं. नावाची बारीक अक्षरं झिजून गेली. बाई राहिली, सिंह राहिला. बोट फिरवलं तर चौकटीत काही खरखर लागते, एवढंच.

दुसरी खूण गावात होती. शाळेच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत एक संगमरवरी दगड बसवलेला आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले आणि त्यांपैकी सात जणांनी प्राण दिले, असं त्यावर इंग्रजीत कोरलंय. असे दगड महाराष्ट्रातल्या खूप गावांत आहेत आणि सगळ्यांचा मजकूर जवळजवळ एकच. आकडे तेवढे बदलतात. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहीत असतं. त्या एका गावाची ४६ माणसं त्या युद्धात कामी आली. आमच्या गावचे सात. पण ते सात कोण, हे दगड सांगत नाही. मी त्याच शाळेत शिकले, त्या दगडाखाली प्रार्थनेला उभी राहिले, आणि त्या सातांतला एक आपल्या घरचा आहे हे मला पुष्कळ उशिरा उमगलं.

निवृत्त झाल्यावर वेळ होता, म्हणून कामाला लागले. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथल्या माणसांनी आपुलकीने ऐकून घेतलं, चहा दिला. पण त्यांचं काम मुख्यतः स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांचं आणि वीरपत्नींचं. शंभर वर्षांपूर्वीच्या शिपायाची फाइल तिथे असण्याचं कारणच नव्हतं. मग पुण्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीत जाऊन आले. तिथे पहिल्या महायुद्धाचं एक स्मारक आहे, पण त्यावरची नावं हिंदुस्थानात मेलेल्यांची. दादा दिल्लीला गेला तेव्हा त्याला इंडिया गेटवर बघायला सांगितलं. इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत, आणि आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी की पहिल्या महायुद्धात गेलेला प्रत्येक जण तिथे असणारच. तसं नाही. ते स्मारक सत्तर हजारांहून अधिक सैनिकांचं म्हणून उभं आहे, पण कोरलेली नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. मेसोपोटेमियातल्या साध्या शिपायाचं नाव तिथे शोधून सापडत नाही. दादा खालून मान वर करकरून बघत राहिला आणि फोनवर म्हणाला, "ताई, इथं आपला माणूस नाही."

खरी वाट कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर होती. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची यादी ही संस्था १९१७ पासून सांभाळते. नाव घालून शोधता येतं. फुकट आहे, खातं काढावं लागत नाही. माझ्या भाचीने पहिल्यांदा ते उघडून दिलं तेव्हा वाटलं, झालंच काम. पण आपली नावं इंग्रज कारकुनाने कानाला जशी लागली तशी लिहिलेली. एकट्या सावंताची चार रूपं. व कधी व्ही, कधी डब्ल्यू. शेवटचा अ कधी आहे, कधी नाही. शिंदे शिंद झालेत, जाधव जाडो झालेत. बऱ्याच शिपायांना आडनावच नाही, नुसतं नाव आणि पुढे बापाचं नाव. आणि एकाच नावाचे पंधरावीस जण, कारण त्या काळी घरटी एक राम, एक विठोबा आणि एक मारुती असायचा. यांतला आपला कुठला?

पलटण माहीत असती तर सोपं होतं. मराठ्यांच्या तेव्हा सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. शिवाय मराठे शिपाई इतर कितीतरी पलटणींत असत. पणजोबा कुठल्या नंबरात होते हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मृत सैनिकाच्या घरी ताटलीशिवाय पदकंही आली होती. एक चांदीचं, एक पितळी रंगाचं, आणि १९१५ संपायच्या आत आघाडीवर पोहोचलेल्यांना एक ताऱ्याच्या आकाराचं. चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमचं चांदीचं पदक एका दुष्काळात सोनाराकडे गेलं. पणजीने ते मोडून दाणे घेतले. मला याचं जराही वाईट वाटत नाही. नवऱ्याच्या जिवाच्या बदल्यात आलेल्या चांदीने त्याचं पोर जगलं, यापेक्षा त्या चांदीचा चांगला उपयोग कुठला होता?

तारा मात्र शिल्लक होता आणि तो होता आत्याकडे. आत्या नव्वदीला आलेली. आजोबांनी तिच्या लग्नात दिलेल्या पेटीच्या तळाशी, जुन्या खणात गुंडाळून ठेवलेला. मी पदकांचं बोलायला लागले तर म्हणाली, "चांदनी हाय की माज्याकडं. बानं दिली व्हती. म्हनला, आपल्या घरात राहील न राहील, तुज्या पेटीत ऱ्हाईल." तिने खण सोडला. काळवंडलेला तारा, वर मुकुट, मध्ये १९१४–१५. मी तो पालथा केला. पाठ सपाट आणि तिच्यावर बारीक ठसठशीत अक्षरं: नंबर, शिपाई, नाव, १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री. ताऱ्याला कुणी चिंच लावली नव्हती म्हणून ती अक्षरं जशीच्या तशी होती. आत्याने विचारलं, "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. आपल्या आजोबाचं नाव असं मोठ्याने, नंबरासकट वाचलेलं तिने पहिल्यांदा ऐकलं. तिने मला ते पुन्हा वाचायला लावलं.

ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांनी आधी हे करावं. ताऱ्याची पाठ आणि गोल पदकाची कड भिंगाने बघावी. आणि घासू नये.

नंबर आणि पलटण हातात आल्यावर शोध मिनिटभरात संपला. आडनावाचं स्पेलिंग मी कधीच घातलं नसतं असं होतं. पण नंबर जुळला, पलटण जुळली, बापाचं नाव जुळलं. मृत्यू २४ डिसेंबर १९१५. स्मारक: बसरा मेमोरियल, इराक.

१०३ म्हणजे जंगी पलटण. १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली, आजही मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन म्हणून असलेली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव याच पलटणीचे. १९१४ च्या हिवाळ्यात ही पलटण सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर बसऱ्याला उतरली. पुढच्या वर्षी तैग्रीसच्या काठाने वर सरकत या फौजेने सप्टेंबरअखेर कूत अल अमारा घेतलं, नोव्हेंबरात बगदादच्या उंबऱ्यावर टेसिफोनला पोहोचली, आणि तिथे चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले मागे फिरले. ३ डिसेंबरला कूतमध्ये शिरले आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पक्का केला.

कूत म्हणजे तैग्रीसच्या वळणात अडकलेलं मातीच्या घरांचं गाव. तीन बाजूंना नदी. चौथ्या बाजूला खंदक आणि त्यांच्या पूर्वेच्या टोकाला एक मातीचा किल्ला. त्या किल्ल्यात ऑक्सफर्डशायरची गोरी पलटण, ११९ आणि आपली १०३ ठेवली होती. २४ डिसेंबरला सकाळपासून तुर्की तोफांनी किल्ल्याच्या ईशान्य बुरुजाची मातीची भिंत पाडली आणि मग त्या खिंडारातून हल्ला चढवला. माणसं हातघाईवर आली, हाताने बाँब फेकले गेले. रात्री पुन्हा हल्ला झाला. किल्ला पडला नाही. पणजोबांच्या नोंदीतली तारीख त्याच दिवसाची आहे.

हे वाचलं तेव्हा मला आत्याने लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आठवली. ती तिने मला अनेकदा सांगितली होती, पण तिचा अर्थ मला लागला नव्हता. युद्ध संपल्यावर शेजारच्या गावचा एक माणूस तुर्कांच्या कैदेतून सुटून आला होता. कूतमधली फौज २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली, शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, वाटेत माणसं पडत गेली. त्यातून हा वाचला. पणजोबांच्याच कंपनीतला. तो आमच्या घरी आला, ओसरीवर बसला आणि पणजीला म्हणाला, "वैनी, भित पडली तितं तो व्हता. म्या बघितला."

तोवर पणजीने कुंकू पुसलं नव्हतं.

सरकारी कागद त्याच्या कितीतरी आधी आला होता. गावातल्या मास्तरांनी तो वाचून दाखवला होता. सासऱ्याने विश्वास ठेवला. भटजीला विचारून, देह मिळाला नाही म्हणून दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचं ठरलं. पणजी त्या दिवशी शेतात निघून गेली. तिचं एकच विचारणं होतं: "कुनी बघितलं?" गावातून पलटणीत गेलेले जे जिवंत होते ते कैदेत किंवा दुसऱ्या आघाडीवर. कुणीच बघितलं नव्हतं. मग ती कुंकू लावत राहिली, बांगड्या भरत राहिली. लोक बोलले. हळदीकुंकवाला बोलावणं थांबलं. सासूने बोलणं टाकलं. तीन वर्षं तिने हे काढलं. आणि तो माणूस ओसरीवर बसून म्हणाला, म्या बघितला, तेव्हा ती आत गेली आणि बाहेर आली ती कपाळ पुसून. आत्याला हे तिनेच सांगितलं होतं. "मी त्याला इचारलं, लई वेळ लागला का? त्यो म्हनला, न्हाई वैनी. मग मी उठले."

इतिहासाच्या पुस्तकातला ईशान्य बुरुज आणि ओसरीवरच्या माणसाची पडलेली भिंत एकच होती, हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यो खोटं न्हवता बोलला." शंभर वर्षं एवढीशी शंका या घरात कुठेतरी जपून ठेवलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

आता त्या बसरा मेमोरियलबद्दल. हे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याजवळ शत्त अल अरबच्या काठी उभं राहिलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी किंवा चितेची जागा माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बसऱ्यापासून तीसबत्तीस किलोमीटर लांब, वाळवंटात नेऊन पुन्हा बांधलं. मला तिथे जायचं होतं. तिकडची परिस्थिती आणि माझं वय बघता ते जमणार नाही हे मी मान्य केलं. फोटो शोधले. आणि फोटो बघताना लक्षात आलं की तिथे गेले असते तरी काही दिसलं नसतं. त्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, अगदी साध्या सोल्जरपर्यंत. हिंदी पलटणींच्या पाट्यांवर अधिकाऱ्यांची नावं आहेत, सुभेदार, जमादार आहेत. पण हवालदार, नाईक आणि शिपाई यांची नावं नाहीत. पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे, की आणखी इतके हिंदी सैनिक.

म्हणजे गावच्या दगडावर आकडा आणि बसऱ्याच्या दगडावरही आकडा.

हे एका कारकुनाच्या आळसाने झालेलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल आला. हुद्दा, वंश, धर्म काहीही असो, सगळ्या मृतांना सारखा मान द्यायचा, हे या संस्थेचं मूळ तत्त्व. आणि तरी ४५ ते ५४ हजार आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांना गोऱ्यांच्या बरोबरीचा मान दिला गेला नाही, आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावंच कुठे लावली गेली नाहीत, असं त्या अहवालात आहे. यामागे त्या काळच्या साम्राज्याचा वंशभेद होता, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कमिशनने माफी मागितली, ब्रिटिश संसदेतही मागितली गेली. मी तो अहवाल शब्दकोश घेऊन वाचला. फ्रान्समध्ये नव्ह शापेलच्या स्मारकावर त्याच हिंदी सैन्यातल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, चार हजारांहून अधिक. मग इराकमध्ये का नाहीत? युरोपात येणारेजाणारे बघतात आणि वाळवंटात कोण बघतंय, याखेरीज दुसरं उत्तर मला सुचत नाही. घरी नऊ महिन्यांचं मूल असलेल्या माझ्या पणजोबाला किल्ल्याच्या भिंतीशी उभं करताना त्याचं नाव हजेरीपटावर होतं. पगाराच्या वहीत होतं. तो मेला तेव्हाच ते जड झालं?

 तो घर सोडून गेला तेव्हा ते मूल जन्मलंच नव्हतं. पणजोबा १९१४ च्या उन्हाळ्यात रजेवर आले होते. आजोबांचा जन्म १९१५ च्या शिमग्याचा. बापाने पोराचं तोंड बघितलं नाही.

संकेतस्थळावरच्या नोंदीत पणजोबांचं नाव होतं, हीच त्यातल्या त्यात मोठी गोष्ट, पण गावाचं नाव वेगळंच झालं होतं आणि तालुका दुसराच पडला होता. पुढच्या पिढीतल्या कुणी गावावरून शोधलं तर सापडला नसता. दुरुस्ती मागता येते. त्यासाठी पुरावा लागतो, म्हणजे हा शिपाई याच गावचा आणि याच बापाचा मुलगा, असं दाखवणारा कागद. ताऱ्याचे फोटो नंबरासाठी पुरेसे होते. गावासाठी आपल्याकडचं महसुली दफ्तर.

इथे तालुक्याच्या अभिलेख कक्षाची पायरी चढावी लागली. नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. पणजोबांच्या मृत्यूची नोंद तिथे मिळणं शक्य नव्हतं, ते गावात मेले नव्हते. पण १९१५ ची आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली, बापाच्या नावासकट. पानं हाताळली तर कडा गळत होत्या. सगळं मोडीत. मला मोडी येत नाही. पुण्यात मोडी वाचणारे एक गृहस्थ भेटले, त्यांनी त्याचं लिप्यंतर करून सही-शिक्क्यानिशी दिलं. जातीच्या दाखल्यांसाठी सध्या या नोंदींना मोठी मागणी आहे, त्यामुळे मोडी वाचकांकडे रांग असते. धीर धरावा लागतो.

त्यांनीच सुचवलं की फेरफार बघा. शिपायाच्या नावे जमीन नसेल, पण त्याचा बाप मेल्यावर वारस लागले असतील. नमुना सहाचं १९२१ चं पुस्तक निघालं. त्यात खापरपणजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार होता. गृहस्थांनी भिंग धरून सावकाश वाचलं. खातेदार मयत. वारस एक, मुलगा अमुक. वारस दोन, मुलगा तमुक, लढाईत मयत, त्याचा अज्ञान मुलगा, आणि पुढे आजोबांचं नाव. त्यापुढे तीन अक्षरं: अ. पा. क. मग "आई" आणि पणजीचं नाव, पूर्ण. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

अज्ञान पालन कर्ती, म्हणजे वयात न आलेल्या मुलाची पालक. सातबारावर ही अक्षरं आपण नेहमी बघतो आणि पुढे जातो. त्या दिवशी मला खुर्चीवरून उठता येईना. पणजोबांचं नाव निदान पदकावर होतं, ताटलीवर होतं, परदेशातल्या यादीत होतं. पणजीचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं बघत होते. तिचा फोटो नाही. तिला सही येत नव्हती. कमिशनच्या नोंदीत बापाचा मुलगा म्हणून पणजोबा आहेत, बायकोचा उल्लेख नाही.

आत्याला हा फेरफार वाचून दाखवला तेव्हा तिच्याकडून त्याची मागची बाजू कळली. सासरा गेल्यावर धाकट्या दिराने एकट्याचं नाव लावायला घेतलं होतं. पोर लहान, बाप परदेशात मेलेला, दाखला काय? पणजीने राणीची ताटली पदरात बांधली आणि चावडीवर जाऊन बसली. तलाठ्यापुढे ती ताटली ठेवून म्हणाली, "हितं माज्या नवऱ्याचं नाव हाय. वाच." नाव तेव्हा झिजलं नव्हतं. तलाठ्याला इंग्रजी येत होतं की नाही देव जाणे, पण सबंध चावडी बघत होती. नाव लागलं. त्या दोन एकरांवर आजोबा शिकले. व्हर्नाक्युलर फायनल झाले, प्राथमिक शिक्षक झाले.

पेन्शनीसाठी ती तालुक्याला चालत जायची. आत्या लहानपणी तिच्यासोबत गेलेली आहे. ट्रेझरीच्या व्हरांड्यात अशा बायकांची रांग असायची. जिवंत असल्याचा दाखला, दोन साक्षीदार, अंगठा. आत्या म्हणते, रांगेतल्या बायका एकमेकींना नावाने हाक मारत नसत, नवऱ्याच्या पलटणीच्या नंबराने मारत. एकशेतीनवाली, एकशेसतरावाली. १९४० मध्ये दुसऱ्या युद्धाची भरती गावात आली तेव्हा आजोबा पंचविशीचे होते, अंगापिंडाने चांगले. भरतीच्या माणसाने घरी येऊन, तुमचं जुनं लष्करी घराणं, असं काहीतरी म्हटलं. पणजीने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "एक दिला. आता न्हाई." आजोबा गेले नाहीत.

ती १९६३ मध्ये गेली. तोवर तिने अंगठा दिला.

कागद जुळवून पाठवले: ताऱ्याच्या दोन्ही बाजू, मोडीची पानं, लिप्यंतर, इंग्रजी भाषांतर, वंशावळ, आजोबांच्या शाळेचा दाखला. कमिशनकडून उत्तर आलं, आणखी दोन गोष्टी विचारल्या, त्या पाठवल्या. बऱ्याच दिवसांनी नोंद दुरुस्त झाल्याचं कळलं. आता तिथे गाव बरोबर आहे आणि तालुका बरोबर आहे. पणजीचं नावही पत्नी म्हणून घालावं, अशी विनंती मी फेरफाराच्या आधारावर केली आहे. तिच्यावर अजून निर्णय झालेला नाही. अहवालानंतर कमिशन या नावांवर काम करतंय. शिपायांची नावं स्मारकाच्या जागी किंवा अन्य रूपात लागावीत, असं मी त्यांना स्वतंत्र पत्र लिहून कळवलं आहे, आणि अशा प्रत्येक घराने लिहावं असं मला वाटतं. पत्र मराठीत लिहिलं तर सोबत भाषांतर जोडावं.

गावात दादाने आणि मी शाळेच्या दगडाखाली दुसरी पाटी लावायचा विचार मांडला, सात नावांची. ग्रामसभेत सगळे हो म्हणाले. मग उरलेल्या सहांचा शोध सुरू झाला. आमच्याकडे आता पद्धत तयार होती: आधी घरातलं पदक, मग नंबर, मग संकेतस्थळ, मग कोतवाल बुक आणि फेरफार. चार नावं लागली. त्यातला एक ११७ चा, एक ११० चा, दोघे १०५ चे. एकाच्या घरी पदकाला दोरा ओवून ते बैलाच्या गळ्यात घालत होते, त्यामुळे कड शाबूत राहिली होती. एक महारवाड्यातला निघेल असं वाटतंय, कारण १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली तेव्हा आमच्या गावातून माणसं गेल्याचं जुने लोक सांगतात. पण ते कुटुंब पुढच्या काळात मुंबईला गिरणीत गेलं आणि गावाशी त्यांचा संबंध तुटला. सातव्याच्या घराचा वंश संपला, घराच्या जागी आता सोसायटीचं गोदाम आहे.

पाटी पाच नावांची लावू, असं काही जण म्हणाले. आत्याने साफ नाही म्हटलं. सातही सापडल्याशिवाय लावायची नाही. दादा सध्या परळ-लालबाग भागात आमच्या गावच्या मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या वह्या बघतोय, त्यात त्या कुटुंबाचा पत्ता मिळाला तर. सातव्यासाठी मी पुन्हा फेरफाराच्या पुस्तकाकडे जाणार आहे. या वेळी १९१६ ते १९२५ ची सगळी पानं, "लढाईत मयत" हे दोन शब्द शोधत.